प्रस्तावना : गाठ लहान, तोंड अरुंद

हर्नियाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही : धोका गाठीच्या आकारावर ठरत नाही, ती ज्या भोकातून बाहेर येते त्याच्या तोंडावर ठरतो. अंडकोशात उतरलेला भलामोठा फुगवटा घेऊन माणसं वर्षानुवर्षं लेथवर उभी राहतात. आणि मांडीच्या मुळाशी बोटाच्या पेराएवढी गाठ असलेली बाई दोन दिवस उलट्या काढून, आतडं काळं पडल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर येते. पहिल्याचा फुगवटा सगळ्यांना दिसतो. दुसरीची गाठ तिच्या घरातही कुणाला माहीत नसते. या पुस्तकातली प्रकरणं या फरकाभोवती लिहिलेली आहेत, म्हणून इथंच तो नीट मांडते.

पुस्तक ठाण्यातल्या वागळे इस्टेटसाठी आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. तेव्हाचे कितीतरी मोठे कारखाने आता बंद झाले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आणि शोरूम आल्या. ओझं मात्र गेलेलं नाही. गाळ्यांत शीट मेटल, छपाई, पॅकिंग अजून चालतं. टेम्पोतला माल उतरवणारे हेल्पर आहेत. किसन नगरातल्या लिफ्ट नसलेल्या इमारतींत चौथ्या मजल्यावर सिलिंडर चढवणारा माणूस आहे. आतला गॅस १४.२ किलो आणि टाकीचं वजन धरलं तर तीस किलोच्या आसपास. कार्यालयांना वीस लिटरचे पाण्याचे जार पोचवणारी मुलं आहेत. दिवा, डोंबिवली, कल्याणहून गर्दीत उभं राहून येणारा कंत्राटी कामगार आहे, ज्याचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. जांघेतल्या गाठीसाठी सुट्टी मागायची तर कारण सांगावं लागतं, आणि ते सांगायची लाज वाटते. मग गाठ लपते.

ओझ्यानं हर्निया होतो असं कामगार सांगतात आणि त्यांचे मुकादमही. यातलं अर्धंच खरं आहे. पोटाची भिंत स्नायूंच्या आणि चिवट पडद्यांच्या थरांची असते. सायकलच्या टायरला चीर गेली की ट्यूब तिथून फुगून बाहेर डोकावते, तसं या भिंतीत जिथं बळ कमी असेल तिथून पोटाचं आवरण, चरबी किंवा आतडं बाहेर येतं. ही चीर बहुधा आधीचीच असते. काहींची जन्मापासूनची, काहींची वयानं आलेली, काहींची जुन्या ऑपरेशनच्या जखमेतली. पोटातला दाब वाढला की ती उघडी पडते. दाब ओझ्यानं वाढतो, तसाच जुनाट खोकल्यानं, शौचाला कुंथल्यानं, प्रोस्टेट वाढून लघवीला जोर करावा लागल्यानं, लठ्ठपणानं, गरोदरपणानं आणि यकृताच्या आजारात पोटात साठलेल्या पाण्यानंही वाढतो. विडी-सिगारेटचा दोष तर दुहेरी : ती खोकला देते आणि भिंत घट्ट ठेवणारे कोलॅजनचे तंतूही बिघडवते. साठीच्या माणसाला नव्यानं हर्निया झाला, तर ओझ्याआधी मी लघवीची धार, शौच आणि खोकला यांबद्दल विचारते. ते कारण तसंच ठेवून भिंत शिवली, तर ती पुन्हा ताणली जाते.

ओझ्याशी असलेलं हे नातं जुन्यांनीही नोंदवलेलं आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वृद्धीचे सात प्रकार येतात. त्यांतल्या आंत्रवृद्धीच्या कारणांत जड ओझं उचलणं, आपल्याहून बलवानाशी झुंजणं आणि झाडावरून पडणं यांचा उल्लेख आहे. फुगवटा दाबला की आवाज करत वर जातो आणि सोडला की पुन्हा भरतो, हेही तिथं लिहिलेलं आहे. आज आम्ही विद्यार्थ्यांच्या हाताला जे शिकवतो, त्यातला मोठा भाग एवढाच आहे.

पोटाच्या भिंतीच्या हर्नियांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जांघेत होतात. आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होण्याची शक्यता पुरुषात सुमारे २७ टक्के आणि बाईत ३ टक्के. एवढ्या फरकाचं कारण गर्भावस्थेत आहे. मुलाचे वृषण पोटात वर, मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास जांघेतल्या तिरप्या बोगद्यातून अंडकोशात उतरतात. उतरताना पोटाच्या आवरणाची एक पिशवी सोबत येते. ती नंतर बुजायला हवी. बुजली नाही, तर वाट आयुष्यभर उघडी राहते. उजवीकडची वाट उशिरा बुजते, म्हणून उजव्या बाजूचे हर्निया जास्त. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण आणखी वाढतं.

या वाटेनं येतो तो इनडायरेक्ट इंग्वायनल हर्निया. तो विशीतल्या मुलालाही होतो. आधी जांघेत ओढल्यासारखं वाटतं, दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी जड होतं, मग एक दिवस खोकताना किंवा पेटी उचलताना फुगवटा हाताला लागतो. रात्री आडवं झालं की तो नाहीसा होतो. त्यामुळे दुखणं आपोआप बरं झालं असं वाटून पुढचे काही महिने निघून जातात. हळूहळू फुगवटा अंडकोशात उतरतो. या प्रकाराचं तोंड तुलनेनं अरुंद असतं, आणि अडकण्याची भीती त्यामुळेच आहे.

डायरेक्ट हर्निया बोगद्याच्या मागच्या भिंतीतूनच सरळ पुढे येतो. तो वयस्क पुरुषांचा, बऱ्याचदा दोन्ही जांघांचा. उभं राहताच गोल फुगवटा दिसतो, आडवं होताच बोट न लावता आत जातो. तोंड रुंद असल्यानं तो सहसा अडकत नाही आणि अंडकोशात क्वचितच उतरतो. या दोन प्रकारांमधली सीमा पोटाच्या भिंतीतली एक रक्तवाहिनी आखते. बाहेरून बोटानं दाबून त्यांतला फरक ओळखण्याचा सराव आम्ही सगळ्यांनी केला. खरं तर तो अंदाज पुष्कळदा चुकतो आणि पुरुषाच्या उपचारात त्यानं फारसा फरकही पडत नाही. त्यापेक्षा जांघेतला हर्निया आणि मांडीचा हर्निया यांतला फरक ओळखता येणं कितीतरी महत्त्वाचं.

मांडीचा म्हणजे फेमोरल हर्निया. जांघेच्या घडीखाली, मांडीच्या शिरेच्या आतल्या बाजूला एक चिंचोळी जागा आहे. तिच्या कडा एका बाजूला हाडाच्या आणि दुसऱ्या बाजूला ताठ अस्थिबंधाच्या, म्हणजे ताणायला वावच नाही. इंग्वायनल हर्निया जांघेच्या हाडाच्या टेंगळाच्या वर आणि आतल्या अंगाला येतो. फेमोरल त्याच टेंगळाच्या खाली आणि बाहेरच्या अंगाला. तो बायकांत, त्यातही उतारवयात, अधिक आढळतो. गाठ लहान असते. खोकताना हाताला धक्का लागेलच असं नाही. मग ती अवधाणाची गाठ समजली जाते आणि प्रतिजैविकांच्या गोळ्या सुरू होतात. १९९१ मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्वायनल हर्निया पहिल्या तीन महिन्यांत अडकून आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याची शक्यता २.८ टक्के निघाली, फेमोरलची २२ टक्के. पुढे इंग्वायनलचा आकडा दोन वर्षांत ४.५ टक्के झाला, फेमोरलचा एकवीस महिन्यांतच ४५ टक्के. पहिल्या परिच्छेदात जे म्हटलं त्याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. फेमोरल हर्निया सापडला की लवकरात लवकर शस्त्रक्रिया करायची, थांबून बघायचं नाही.

इथं एक अडचण उघड लिहायला हवी. बाई पोट दुखतं म्हणून दवाखान्यात येते, साडी नेसलेली असते, खाटेवर झोपते, आणि तपासणारा हात बेंबीखाली फारसा जात नाही. डॉक्टर पुरुष असला तर दोघंही अवघडतात. पुरुष कामगाराचं उलट : समोर बाई डॉक्टर दिसली की तो गुडघा दुखतो म्हणून सांगतो. आडोसा, सोबत परिचारिका आणि दोन मिनिटं एवढ्यावर हे सुटतं. उलट्या आणि पोटफुगी घेऊन आलेल्या म्हाताऱ्या बाईच्या दोन्ही जांघा उघड्या करून पाहिल्याशिवाय तिला अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन परत पाठवणं मी वैद्यकीय चूक मानते.

लहान मुलांत दोन हर्निया नेहमी एकत्र गोंधळले जातात. बाळाची बेंबी रडताना फुगते तो नाभीचा हर्निया. तो बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बुजतो. त्यावर नाणं बांधायची जुनी पद्धत अजून घराघरात आहे. त्यानं भोक बुजत नाही, खालची कातडी मात्र खराब होते. जांघेतला फुगवटा हे अगदी वेगळं प्रकरण. तो आपोआप बुजत नाही आणि पहिल्या वर्षात अडकण्याची भीती सर्वांत जास्त असते. एका भावाची बेंबी थांबल्यानं बरी झाली, म्हणून दुसऱ्याच्या जांघेसाठीही आई थांबते आणि बाळ रात्री अखंड रडत, उलट्या करत येतं. निदान झाल्यावर बाळाची शस्त्रक्रिया फार पुढे ढकलू नये.

मोठ्या माणसाच्या बेंबीचा हर्निया बुजत नाही. तो बेंबीच्या कडेनं येतो. जास्त बाळंतपणं झालेल्या, वजन वाढलेल्या बायकांत आणि यकृताच्या रुग्णांत अधिक. तोंड बहुधा घट्ट असतं, आत चरबीचा पडदा चिकटून बसतो आणि गाठ पूर्ण आत जात नाही. बेंबीच्या वर, छातीच्या हाडापर्यंतच्या मधल्या रेषेत येतो तो एपिगॅस्ट्रिक हर्निया. तो वाटाण्याएवढाही असू शकतो, आत फक्त चरबी असते, पण जेवल्यावर दुखतो. या रुग्णांनी कितीतरी दिवस अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाल्लेल्या असतात. झोपलेल्या माणसाला मान उचलायला सांगून त्या रेषेवरून बोट फिरवलं तर तो सापडतो.

जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांतून फुगणाऱ्या हर्नियाला इन्सिजनल म्हणतात. पोटाच्या मधोमध उभा छेद घेतल्यावर दहा ते वीस टक्के रुग्णांत तो होतो. जखम पिकली असेल, वजन जास्त असेल, मधुमेह असेल, ऑपरेशननंतर खोकला राहिला असेल तर शक्यता वाढते. गर्भपिशवी काढलेल्या किंवा पोटाचं तातडीचं ऑपरेशन झालेल्या बाईला पोट सुटलंय असं घरचे म्हणतात आणि तीही मान्य करते. प्रत्यक्षात भिंतीत एकाऐवजी चार-पाच छिद्रं असतात. दिसायला एकच मोठा फुगवटा, पण त्यातल्या एखाद्या बारीक छिद्रात आतडं अडकू शकतं.

दुर्मिळ प्रकार पुस्तकात पुढे येतात, इथं फक्त ओळख. पोटाच्या सरळ स्नायूच्या कडेचा स्पायजेलियन हर्निया वरच्या पडद्याखाली दडतो आणि गाठ न दिसताच दुखतो. ऑब्ट्युरेटर हर्निया कृश, वृद्ध बायकांत होतो. बाहेर काहीच दिसत नाही, फक्त आतड्याचा अडथळा असतो आणि मांडीच्या आतल्या बाजूनं गुडघ्यापर्यंत कळ जाते, कारण तिथली नस दाबली जाते. हर्नियाच्या पिशवीत काय सापडेल हेही सांगता येत नाही. १७३५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात क्लॉडियस अमायंड या शल्यचिकित्सकानं अकरा वर्षांच्या मुलाचा जांघेतला हर्निया उघडला, तेव्हा त्यात टाचणीनं भोक पडलेलं अपेंडिक्स निघालं. ते त्यानं कापून काढलं आणि मुलगा वाचला. नोंद असलेली अपेंडिक्स काढण्याची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया, तीही हर्नियाच्या वाटेनं झालेली.

प्रकार कुठलाही असो, त्याच्या पायऱ्या सारख्याच. सुरुवातीला फुगवटा आत जातो. मग चिकटून बसतो, जात नाही. मग त्यातलं आतडं अडकून पुढचा रस्ता बंद होतो : पोट फुगतं, कळा येतात, उलट्या होतात, गॅस आणि शौच थांबतं. शेवटी तोंडाशी रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मग गाठ ताठ होते, हात लावू देत नाही, खोकताना तिच्यात धक्का जाणवत नाही, वरची कातडी लाल होते. इथून आतडं मरायला काही तास पुरतात. एक फसवी अवस्था मात्र सगळ्यांनी ओळखायला हवी. अरुंद तोंडात कधी आतड्याच्या भिंतीचा फक्त एक भाग चिमटला जातो, त्याला रिक्टरचा हर्निया म्हणतात. मार्ग पूर्ण बंद नसल्यानं शौच होत राहतं, गॅस सरतो, आणि चिमटलेला भाग सडत असतानाही घरचे निर्धास्त राहतात. हे फेमोरल हर्नियात अधिक घडतं. शौच होतंय म्हणजे सगळं ठीक आहे, हा समज या एका कारणासाठी सोडून द्यायचा.

तपासणीबद्दल माझा आग्रह साधा आहे : रुग्णाला उभं करा. गाठ झोपल्यावर जाते आणि आपण झोपवूनच शोधतो. उभं करून खोकायला सांगायचं, बोटांना धक्का लागतो का पाहायचं, मग झोपवून ती आत जाते का ते पाहायचं. गुळगुळ आवाज करत गेली तर आतडं, कणकेसारखी मऊ लागली तर बहुधा चरबी. अंडकोश सुजलेला असेल तर सुजेच्या वरच्या टोकाला बोटं पोचतात का हे बघायचं. पोचली आणि मागून टॉर्च धरल्यावर सूज उजळली, तर ते बहुधा हायड्रोसिल. बहुतेक हर्नियांना सोनोग्राफी लागत नाही. लठ्ठ रुग्णात, गाठ न दिसणाऱ्या दुखण्यात किंवा परत झालेल्या हर्नियात ती कामाला येते.

प्रत्येक हर्नियाची घाई नसते, हेही सांगायला हवं. त्रास अगदी कमी असलेल्या पुरुषांच्या इंग्वायनल हर्नियावर लक्ष ठेवून थांबता येतं का, याचा अमेरिकेतला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हर्निया अचानक अडकण्याचं प्रमाण हजार रुग्णांमागे वर्षाला दोनपेक्षाही कमी निघालं. पुढे दहा वर्षांत मात्र त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश पुरुषांनी, मुख्यतः दुखू लागल्यामुळे, शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा अशा पुरुषानं मुलीच्या बारावीनंतर किंवा गावच्या शेताची कामं आटोपल्यावर तारीख ठरवली तर चालेल. ही सवलत बायकांना, फेमोरलला, बाळांना आणि आत न जाणाऱ्या गाठीला लागू नाही. औषधांच्या दुकानात मिळणारा पट्टा भोक बंद करत नाही, आणि आत न गेलेल्या गाठीवर तो आवळणं घातक आहे.

शस्त्रक्रियेच्या इतिहासात पादुआच्या एदोआर्दो बासिनीचं १८८४ चं काम हा पहिला टप्पा. त्यानं जांघेच्या बोगद्याची मागची भिंत शिवून पुन्हा उभी केली. १९८० च्या दशकात अमेरिकेत लिक्टेनस्टाइननं भिंत ओढून न शिवता तिथं प्लास्टिकची जाळी बसवायला सुरुवात केली आणि हर्निया पुन्हा होण्याचं प्रमाण खूप घटलं. पण परदेशी जाळी महाग होती, आणि आपल्याकडची या विषयातली सर्वांत अभिमानाची गोष्ट त्या महागाईतून घडली. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं. इतर ठिकाणच्या शल्यचिकित्सकांना सोबत घेऊन केलेल्या कामाचे निष्कर्ष त्यांनी २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत मांडले. हजारोंची वस्तू काही रुपयांवर आली. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. मच्छरदाणीच्या कापडाची जाळी आणि कंपनीची जाळी यांची एका वर्षानंतर तुलना केली, तेव्हा हर्निया पुन्हा झालेला माणूस स्वस्त जाळीच्या गटात एक आणि दुसऱ्या गटात शून्य होता. गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखं. दोंडाईच्यासारख्या गावातला हा विचार जगातल्या गरीब रुग्णांपर्यंत पोचला, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळक यायला हवं. अर्थात बाजारातली कुठलीही मच्छरदाणी यासाठी चालत नाही. कापड कोणतं आणि ते किती तापमानाला निर्जंतुक करायचं, हे काटेकोर ठरलेलं आहे.

पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीच टाळली. रुग्णाच्याच बाहेरच्या तिरप्या स्नायूच्या पडद्याची पट्टी मागच्या भिंतीला शिवायची, ही त्यांची पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. पोलंडमधल्या चाचणीत तीन वर्षांनंतर तिचे निकाल जाळीच्या शस्त्रक्रियेइतकेच आले. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना अजून बहुतेक प्रौढांसाठी जाळीच सुचवतात, आणि मीही बहुतेकांना तीच सुचवते. पण जिथं जाळी नको किंवा परवडत नाही, तिथं आपल्याच राज्यातला पर्याय हाताशी आहे.

तरीही वागळे इस्टेटमधला कामगार शस्त्रक्रिया टाळतो ती जाळीच्या किमतीपेक्षा मजुरीसाठी. म्हणून हे इथंच लिहिते. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार, कंत्राटीसुद्धा, कामगार राज्य विमा योजनेत येतात, आणि या योजनेचं कामगार रुग्णालय वागळे इस्टेटमध्येच आहे. वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. जांघेच्या हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेनंतर माणूस आठ-दहा दिवसांत हलकी कामं करू लागतो. जड ओझ्याला बहुधा चार ते सहा आठवडे, तेही शल्यचिकित्सकाला विचारून. ठेकेदारानं आपलं नाव योजनेत नोंदवलंय का, हे गाठ दुखायच्या आधीच तपासून घ्या.

रात्री गाठ अडकली तर काय करायचं, ते आता. नेहमी आत जाणारी गाठ जात नाही, दुखते, उलटी होते, यांतलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. पाणीसुद्धा पिऊ नका. गाठ जोर लावून आत ढकलू नका. मेलेलं आतडं पोटात गेलं तर बाहेरून कळत नाही. रात्रीची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात थेट जा. ठाण्यात महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. दारात पहिल्याच डॉक्टरला तीन गोष्टी सांगा : गाठ किती वाजल्यापासून आत जात नाही, शेवटचं खाणंपिणं कधी झालं, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का.